डबीवरचें नांव आणि आंतलें रुपें

आपल्या गडहिंग्लजांत अनेक घरांच्या भिंतींवर आजोबा-पणजोबांचीं कृष्णधवल छायाचित्रें आहेत. अशीं चित्रें ज्या फिल्मवर उमटतात, तिची ओळख आज आपण करून घेऊं.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवरील जिलेटीनचा लेप. त्यांत रुप्याच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. ज्या कणांवर प्रकाश पडतो, ते विकासक द्रावांत काळ्या रुप्यांत पालटतात; उरलेला क्षार धुवून काढितात.

बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापुरांत चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला व १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढिला. कॅमेरा घरचा, परंतु फिल्म परदेशचीच! पुढें उटकमंड येथें सरकारी कारखाना निघून १९६७ पासून ‘इंदु’ ही देशी फिल्म मिळूं लागली. आज तो कारखाना बंद आहे.

फिल्मच्या नांवांचा इतिहासही बोधप्रद आहे. जर्मनींतील वोल्फेनच्या कारखान्याची फिल्म ‘आग्फा’ नांवानें विकली जाई. देशाची फाळणी झाल्यावर तें नांव पश्चिम जर्मनींत राहिलें. म्हणून १९६४ सालीं वोल्फेनच्या मालास ‘ऑर्वो’, म्हणजे ‘अस्सल वोल्फेन’, हें नांव दिलें. कारखाना तोच, नांव नवें! उलटपक्षीं, २००५ सालीं आग्फाफोटो कंपनीचें दिवाळें निघाल्यावर तें नांव इतरांनीं केलेल्या फिल्मवरही आलें. नांव तेंच, कारखाना निराळा!

तात्पर्य, डबीवरील नांवावरून आंतील वस्तूची पारख होत नाहीं. विद्यार्थ्यांनो, घरांतील जुन्या निगेटिव्ह टाकून देऊं नका. त्या कोरड्या जागीं जपून ठेवा. फिल्म पुन्हा मिळेल. तीवरील वडील माणसें पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसणार नाहींत.