चुंबकत्व आणि अतिसंवाहकता : वैरी की शेजारी?

वीज वाहू लागली की विजेच्या शेगडीतील तार लाल होते, हे तुम्ही पाहिलेच असेल. तारेच्या विद्युत्-रोधामुळे असे होते. हा रोध अजिबात नाहीसा झाला तर?

इ. स. १९११ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामर्लिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत नेमके हेच घडले. द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने पारा थंड केला जात होता. तापमान ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे सुमारे उणे २६९° सेल्सिअसपर्यंत उतरले आणि पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला! या गुणधर्माला अतिसंवाहकता म्हणतात.

याचा उलगडा १९५७ मध्ये बार्डीन, कूपर व श्रीफर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी केला. अशा थंड धातूत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला चुंबकच असतो. तो बाणाने दाखवला, तर जोडीतील एकाचा बाण वर आणि दुसऱ्याचा खाली असतो. या जोड्या एकजुटीने वाहतात, म्हणून त्यांना रोध होत नाही.

आता विचार करा. या धातूत चुंबकी अणू असतील तर? ते जोडीतील दोन्ही बाणांना एकाच दिशेला वळवू पाहतील आणि जोडी फुटेल. म्हणूनच चुंबकत्व हे अतिसंवाहकतेचे वैरी मानले जाई.

या वैराचा पुरावा १९७७ मध्ये मिळाला. एर्बियम, ऱ्होडियम व बोरॉन यांचे एक संयुग सुमारे ८.७ केल्विनला अतिसंवाहक झाले. ते आणखी थंड केल्यावर, सुमारे ०.९ केल्विनला, एर्बियमच्या अणूंचे बाण एका दिशेला वळले आणि गेलेला रोध परत आला!

मग १९९४ साल उजाडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि त्यांचे सहकारी इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांचे मिश्रण तपासत होते. निकेल हा तर चुंबकाला चिकटणारा धातू! तरीही हा पदार्थ सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहक झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत या कुटुंबातील आणखी संयुगे तयार झाली. त्यांपैकी एकात इट्रियमच्या जागी एर्बियम होते. ते सुमारे ११ केल्विनला अतिसंवाहक होते. सुमारे ६ केल्विनला त्यातील एर्बियमचे बाणही शिस्तीत लागतात; पण या वेळी रोध परत येत नाही.

एर्बियम तेच, मग फरक कशाचा? एक सोपा प्रयोग करा. टेबलावर चुंबकसूची ठेवा. तिच्या पूर्वेला एक वीत अंतरावर दोन सारख्या चुंबकपट्ट्या पूर्व-पश्चिम दिशेत शेजारीशेजारी धरा. दोन्हींचे उत्तर ध्रुव सूचीकडे असतील, तर सूची वळेल. आता एक पट्टी उलटी करा. सूची जवळजवळ मूळ जागी येईल. चुंबक दोनच आहेत. पण त्यांचे परिणाम एकमेकांना खोडून काढतात.

एर्बियमच्या या दुसऱ्या संयुगात असेच होते. जितके बाण एका दिशेला, तितकेच विरुद्ध दिशेला. जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांमध्ये अनेक अणूंचे अंतर असते. तेवढ्या अंतरात उलटसुलट बाणांची बेरीज शून्याजवळ येते आणि जोडी टिकते.

हे बाण दिसतात कसे? त्यासाठी पदार्थावर न्यूट्रॉनांचा झोत सोडतात. न्यूट्रॉनावर विद्युत्-भार नसला, तरी तोही एक चिमुकला चुंबक असतो. तो कोणत्या दिशांना विखुरतो, यावरून बाणांची मांडणी कळते. तुर्भे येथील ध्रुव या अणुभट्टीतील न्यूट्रॉनही अशा अभ्यासासाठी वापरले गेले आहेत.

थोडक्यात, चुंबकत्व आहे की नाही एवढेच विचारून भागत नाही. बाणांची मांडणी कशी आहे, हेही विचारावे लागते. १९८६ मध्ये तांब्याची ऑक्साइडे आणि २००८ मध्ये लोहाची संयुगे बऱ्याच वरच्या तापमानांना अतिसंवाहक झालेली आढळली. तेथे तर चुंबकत्वच जोड्या जमवण्यास मदत करते, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटते. याचा पक्का निर्णय अजून व्हायचा आहे. तो झाला, तर खोलीच्या तापमानाला रोधाविना वीज वाहून नेणाऱ्या तारेचा शोध कोठे घ्यायचा, हे समजण्यास मोठी मदत होईल.