क्रॅनबेरीला पाणी किती हवं?

चि. मृण्मयीस,


मॅसॅच्युसेट्सच्या अंगणात क्रॅनबेरी लावायची, त्यासाठी खड्डा खणून पाणी साठवायचं, असं तुझ्या पत्रात आहे. खड्डा जरूर खण. पाणी मात्र साठवू नकोस.

क्रॅनबेरी पाण्यात वाढत नाही. जाहिरातीत दिसणारी ती लाल तळी काढणीपुरती असतात. फळाच्या पोटात हवेचे चार कप्पे असतात, म्हणून ते तरंगतं. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत शेतकरी शेतात पाणी सोडतात, यंत्राने वेली झोडून फळं सुटी करतात आणि तरंगती रास एका कडेला ओढून घेतात. ही फळं रसाला आणि सॉसला जातात. ताजी विकायची फळं कोरड्या शेतातच काढतात. भर वाढीच्या दिवसांत मुळांशी पाणी तुंबलं, तर ती कुजतात.

या वेलीला खरी ओढ वाळूची. केप कॉडवरच्या डेनिस गावात १८१६ च्या सुमारास हेन्री हॉल यांच्या रानवेलींवर वाऱ्याने वाळू येऊन पडली. वेली गाडल्या जायच्या, त्या उलट जोमाने फुटल्या. हॉल यांनी ते नुसतं पाहून सोडून दिलं नाही, मुद्दाम वाळू घालून लागवड सुरू केली आणि क्रॅनबेरीची शेती तिथून उभी राहिली. वाळूखाली दबलेल्या आडव्या फांदीला मुळं फुटतात, तिच्यावर उभे कोंब येतात, आणि फळ धरतं ते या कोंबांवर. तिथले शेतकरी आजही दर काही वर्षांनी हिवाळ्यात गोठलेल्या शेतावर वाळू पसरतात. बर्फ वितळला की ती सावकाश वेलींवर बसते. इतकी सुंदर युक्ती शेतीत क्वचितच सापडते!

तेव्हा वाफ्यातली माती वीतभर खोल काढ आणि तिथे पीट भर, थोडी जाड वाळू मिसळून. आधी अ‍ॅमहर्स्टच्या विद्यापीठातून माती तपासून घे, आणि पाणीही कुठूनतरी तपासून घे. मातीचा सामू ४ ते ५.५ च्या दरम्यान हवा. चुना आणि राख वाफ्याजवळही नकोत. नळाचं पाणी क्षारयुक्त निघालं तर पावसाचं साठवून घाल. ओलावा कायम ठेव, चिखल होऊ देऊ नकोस.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेव, हे मी अगदी आग्रहाने सांगते. आपल्याकडे झाड रोडावलेलं दिसलं की शेणखताची पाटी उचलायची सवय असते. क्रॅनबेरीला ती माया सोसत नाही. सुरुवातीला वेल पसरण्यापुरतं थोडं नत्र पुरे. पुढेही ते देत राहिलीस तर आडव्या फांद्यांचं रान माजेल आणि फळाचे कोंब मागे पडतील. दुसऱ्या वर्षापासून बोटाच्या पेरापेक्षाही कमी जाडीचा वाळूचा थर दे. जमीन गोठल्यावर वाफा पाईनच्या फांद्यांनी झाक, नाहीतर कोरड्या थंड वाऱ्याने वेली करपतात. वसंतात त्या पाईनच्या फांद्या काढून टाक.

'स्टीव्हन्स' किंवा 'अर्ली ब्लॅक' जातीची रोपं घे. दुसरी जात लवकर पिकते. फुलं जूनमध्ये येतात. तेव्हा शेजाऱ्यांनाही कीटकनाशक फवारू नका म्हणून सांग. भुंगे आणि मधमाश्या फिरल्या नाहीत तर फळ धरणार नाही.

रत्नागिरीच्या वाडीसाठी एक रोप आणते म्हणालीस. आणू नकोस. परवान्याशिवाय परदेशातून रोप आणता येत नाहीच, आणि आणलं तरी ते फळणार नाही. या वेलीला हिवाळ्यात हजाराहून जास्त तास सात अंशांखालची थंडी लागते. कोकणात ती कुठून मिळणार? करवंदाची आंबट चव तुला क्रॅनबेरीची आठवण देते खरी, पण ते कण्हेरीच्या कुळातलं आणि जांभ्या दगडावर उन्हात तापून पिकणारं. वाडीच्या कुंपणाला करवंदाच्याच जाळ्या राहू देत.

यंदाच्या वसंतात रोपं लावलीस तर तिसऱ्या वर्षाच्या आसपास पहिली बरी काढणी मिळेल. तोवर दर उन्हाळ्यात तण हाताने उपट. कोवळ्या वेली गवताशी झुंजू शकत नाहीत, आणि गवत एकदा वेलींत शिरलं की वेल न दुखवता ते निघत नाही.

तुझी,
मावशी