कामाचे तास : गौरवाची भाषा आणि हक्काची भाषा

१. प्रास्ताविक

श्रमाविषयी बोलताना समाजात दोन प्रकारची भाषा वापरली जाते. 'झोकून देऊन काम करणारा', 'घड्याळाकडे न पाहणारा' ही गौरवाची भाषा होय. 'आठवड्याला ४८ तास', 'दुप्पट दराने वेतन' ही हक्काची भाषा होय. अतिश्रमाची संस्कृती पहिल्या भाषेवर पोसली जाते. कर्मचाऱ्याला संरक्षण मात्र दुसऱ्या भाषेतूनच मिळते. हा भेद ओळखणे हे प्रस्तुत पाठाचे उद्दिष्ट आहे.

२. मागणीची भाषा

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी आपल्या मागण्या मांडल्या. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, या त्यांतील प्रमुख मागण्या होत्या. त्यांचे स्वरूप नेमके आणि मोजता येण्याजोगे होते, म्हणूनच त्यांची पूर्तता झाली की नाही हे तपासता येत होते. १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुटीची मागणी मान्य झाली.

३. कायद्याची भाषा

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ आणि दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली. आठवड्याच्या मर्यादेपलीकडे कामगाराला काम करण्यास भाग पाडता येणार नाही, तसेच तशी मुभाही देता येणार नाही, अशी ही तरतूद होती. यातील दुसरे क्रियापद महत्त्वाचे आहे. 'तो स्वखुशीने थांबला' ही सबब त्यामुळे टिकत नसे. अपवाद म्हणून करून घेतलेल्या जादा कामासाठीही दुप्पट दराने वेतन मिळण्याचा हक्क या अधिनियमाने दिला.

४. संज्ञेची व्याप्ती

हक्क कोणाला, हे व्याख्येवरून ठरते. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने प्रामुख्याने व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणाऱ्यांना 'कामगार' या संज्ञेतून वगळले. परिणामी, केवळ 'व्यवस्थापक' हे पदनाम देऊन एखाद्याला संरक्षणाबाहेर ठेवण्याची वाट मोकळी होते. अशा वादांत न्यायालयांनी पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप निर्णायक मानले आहे. म्हणून आपण प्रत्यक्षात कोणते काम करतो याची लेखी नोंद कर्मचाऱ्याने ठेवणे हिताचे ठरते.

५. व्याकरण आणि जबाबदारी

'आज थांबावे लागेल' हे कार्यालयातील नेहमीचे वाक्य पाहा. त्यात सक्ती आहे, परंतु सक्ती करणाऱ्याचा उल्लेख नाही. कोणी थांबवले, किती वेळ आणि कोणत्या मोबदल्यात, या प्रश्नांची उत्तरे त्या वाक्यात मिळत नाहीत. हक्काच्या भाषेची सुरुवात हे प्रश्न विचारण्यापासून होते.

स्वाध्याय

एखादी नोकरीची जाहिरात निवडा. तिच्यातील गौरवाची आणि हक्काची भाषा वेगळी करून दाखवा. कामाच्या तासांविषयी तिच्यात काय सांगितले आहे आणि काय सांगायचे टाळले आहे, ते लिहा.