साथीच्या काळातील कचेरी आणि मोकळी हवा

मार्च २०२० च्या अखेरीस महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांमधील उपस्थिती पाच टक्क्यांपर्यंत खाली आणण्यात आली होती. जूनपासून ‘पुनश्च हरिओम’ या घोषणेसह ती टप्प्याटप्प्याने वाढविण्यास प्रारंभ झाला. (हे शब्द लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’तील अग्रलेखाचे, तेही प्लेगच्या साथीच्या वर्षांतले.) दाखले, निवृत्तिवेतन, भूसंपादनाचा मोबदला ही कामे कायमची घरी बसून होणारी नव्हती. कर्मचाऱ्यांना परत बोलावणे अपरिहार्यच होते. प्रश्न होता तो कोणत्या रीतीने बोलवावे, हा.

त्या वेळी सर्वाधिक लक्ष प्रवेशद्वाराकडे दिले गेले. कपाळापाशी तापमापक धरला जाई, हातांवर जंतुनाशक पडे, टेबलांवर आणि काही ठिकाणी नस्त्यांवरही फवारणी होई. हात धुण्याची सवय चांगलीच. परंतु कोविड-१९ चा रुग्ण लक्षणे दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस रोग पसरवू शकतो, आणि कित्येकांना ताप येतच नाही. अशा व्यक्तीला दारावरचा तापमापक थांबवू शकत नव्हता.

खरा धोका कोठे होता, हे दक्षिण कोरियाच्या राजधानीतील, सोल येथील एका घटनेने मार्च २०२० मध्येच दाखवून दिले होते. तेथील एका बहुमजली इमारतीशी संबंधित १,१४३ जणांची तपासणी झाली. ९७ बाधित आढळले. त्यांपैकी ९४ जण अकराव्या मजल्यावरील कॉल सेंटरचे होते. त्या मजल्यावर २१६ कर्मचारी काम करीत, आणि बाधितांपैकी बहुतेकजण एकाच बाजूस दाटीने बसणारे होते. लिफ्टमध्ये व तळमजल्यावर इतरांशी त्यांची गाठ पडतच होती. तरीही रोग मुख्यतः त्या एका दालनातच राहिला. क्षणभराच्या भेटीपेक्षा एकाच खोलीत तासन्तास बसणे आणि बोलत राहणे अधिक घातक ठरले.

बोलताना, खोकताना उडणारे अतिसूक्ष्म कण बंद खोलीच्या हवेत बराच काळ तरंगत राहतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ४ जून २०२० रोजी कार्यालयांसाठी दिलेल्या सूचनांमध्ये वातानुकूलन २४ ते ३० अंश सेल्सिअसवर ठेवावे आणि बाहेरची ताजी हवा शक्य तितकी आत घ्यावी, असे म्हटले होते. सहा फुटांचे अंतर सर्वांच्या लक्षात राहिले; हवेचे कलम मात्र मागे पडले. भिंतीवरचे साधे वातानुकूलन यंत्र खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा सोडते, ही गोष्टही पुष्कळांच्या ध्यानी आली नाही.

जुन्या दगडी कचेऱ्यांची उंच छते, समोरासमोरच्या खिडक्या आणि वरचे झरोके हे या दृष्टीने वरदानच होय. दुर्दैवाने त्या खिडक्यांसमोर नस्त्यांची कपाटे उभी असतात. खर्चाची मंजुरी न मागता कार्यालयप्रमुखाला जे करता येते, त्यात ही कपाटे हलविणे पहिले. हवा खेळते की नाही हे पाहण्यास एक उदबत्ती पुरते: धूर एका दिशेने निघून गेला तर ठीक, जागीच घोटाळला तर तेथे बाहेर हवा फेकणारा पंखा बसवावा. ग्रामपंचायतीच्या एका खोलीच्या कार्यालयात दाखल्यासाठी आलेल्यांची रांग ओसरीवर लावली, तर निम्मे काम होते. दुपारचे डबेही बाहेरच उघडावेत. मास्क उतरवून, एकमेकांशेजारी बसून गप्पा होतात त्या त्याच वेळी.

उपस्थितीच्या वेळा वेगवेगळ्या ठेवण्याचा उपाय मुंबईत विशेष महत्त्वाचा होता. उपनगरी रेल्वे १५ जून २०२० रोजी अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी पुन्हा सुरू झाली. सर्वसामान्यांना ती १ फेब्रुवारी २०२१ पासून, तीही ठराविक वेळांतच, खुली झाली.

सर्वांत अवघड बाब रजेची. खोकला असताना घरी राहा, असे सांगणे सोपे. पण ज्याचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार, तो कंत्राटी सफाई कामगार किंवा संगणकचालक खोकला लपवून येणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आजारपणाचे पाच-सात दिवस त्याला पगारी मिळतील अशी तरतूद कंत्राटातच केलेली असेल, तर दारावरच्या तापमापकापेक्षा ती अधिक रुग्ण रोखते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. क्षयरोग मात्र त्याच हवेतून पसरतो आणि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. साथीच्या दिवसांत ज्या कार्यालयांनी खिडक्यांपुढची कपाटे हलविली, त्यांनी ती परत जागेवर नेऊ नयेत.