किल्ली कोठे ठेवली आणि कोठे शोधली?

समजा, आई शेतावर जाताना घराची किल्ली तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवून गेली; पण सकाळी तिने तुम्हाला सांगितले होते की, किल्ली गोठ्यातल्या खुंटीला असेल. तुम्ही शाळेतून येता, खुंटी चाचपता आणि दाराशी बसून राहता. किल्ली घराच्या अंगणातच असते! ठेवणाऱ्याचा पत्ता एक आणि शोधणाऱ्याचा दुसरा, एवढ्यानेच सारे अडते.

संगणकाच्या आज्ञावल्यांमध्ये हा घोटाळा वारंवार होतो. तेथे तो अधिक घातक ठरतो, कारण किल्ली सापडली नाही तर तुम्ही हाका माराल. आज्ञावली बहुधा गप्प बसते.

एक उदाहरण घेऊ. शाळेच्या गच्चीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवला आहे. त्यात एक लहानशी झुलती बादली असते. ठरावीक पाऊस साठला की ती कलंडते आणि विजेचा एक ठोका संगणकाकडे जातो. काही यंत्रांत एक ठोका म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस, तर काहींत ०.५ मिलिमीटर. आपले यंत्र कोणत्या जातीचे, हे आज्ञावलीला एका छोट्या फाईलमधून कळते. अशा फाईलला कॉन्फिगरेशन फाईल म्हणतात. तुम्ही तीत ०.५ हा आकडा लिहिला. पण आज्ञावलीला ती फाईल सापडलीच नाही आणि तिने स्वतःजवळचा ०.२ हा आकडा धरला. त्या दिवशी १०० ठोके पडले, म्हणजे ५० मिलिमीटर पाऊस झाला. वहीत नोंद झाली २० मिलिमीटरची! पडद्यावर चुकीची खूण नाही, यंत्र चालू आहे, आलेखही निघतो आहे. सबंध पावसाळ्याची नोंद अशी वाया जाऊ शकते.

हे घडते कसे, ते पाहण्यासाठी आज्ञावली तयार कशी होते ते पाहू. माणसाने लिहिलेल्या मजकुराचे, म्हणजे सोर्स कोडचे, यंत्राला कळेल असे रूपांतर कंपायलर करतो. ही झाली बांधणी. मग तयार फायली संगणकावर आपापल्या जागी नेऊन ठेवायच्या; ही झाली स्थापना. ही दोन्ही कामे क्रमाने करून घेणाऱ्या साधनांना बिल्ड सिस्टीम म्हणतात. त्यांतले फार गाजलेले ‘मेक’ हे साधन बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केले.

आता नीट लक्ष द्या. फाईलचा पत्ता या प्रवासात दोनदा लागतो. बांधणीच्या वेळी तो आज्ञावलीच्या पोटात कोरला जातो: ‘येथे शोध.’ स्थापनेच्या वेळी तोच पत्ता वापरून फाईल ठेवली जाते: ‘येथे ठेव.’ दोन्ही वेळी तो एकाच ठिकाणाहून घेतला तरच मेळ बसतो. कोणी एक पत्ता हाताने लिहिला आणि दुसरा साधनावर सोपवला, की किल्ली कोनाड्यात आणि हात खुंटीवर.

युनिक्स आणि लिनक्स जातीच्या संगणकांवर या पत्त्याचे मूळ ‘प्रिफिक्स’ म्हणजे पूर्वपदात असते. (फोल्डरांची नावे तेथे रोमन लिपीत असतात, येथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.) ग्नू प्रकल्पाच्या प्रथेप्रमाणे काहीच सांगितले नाही तर पूर्वपद ‘/यूएसआर/लोकल’ धरतात. कॉन्फिगरेशन फायलींच्या फोल्डराला ‘सिसकॉन्फडिर’ असे नाव आहे आणि त्याची किंमत पूर्वपदापुढे ‘/ईटीसी’ जोडून मिळते. म्हणजे आपली फाईल ‘/यूएसआर/लोकल/ईटीसी’ येथे जाईल. ‘ईटीसी’ म्हणजे ‘एट सेटेरा’, आपले ‘इत्यादी’! सुरुवातीला तेथे किरकोळ वस्तूंची अडगळ असे. आज संगणकाच्या साऱ्या सेटिंग्जचे ते घर झाले आहे.

खरी गोम पुढेच आहे. लिनक्सच्या वितरणांमध्ये आज्ञावल्या ‘/यूएसआर’ हे पूर्वपद देऊन बांधतात. सूत्र आंधळेपणाने लावले तर सेटिंग्ज ‘/यूएसआर/ईटीसी’ मध्ये जातील. परंतु ‘/यूएसआर’ हा भाग अनेक संगणकांना मिळून वापरता यावा, केवळ वाचण्यापुरता ठेवता यावा, असा संकेत आहे. तुमच्या पर्जन्यमापकाचा ०.५ हा आकडा फक्त तुमच्याच संगणकाचा. त्याची जागा थेट ‘/ईटीसी’ मध्ये. लिनक्सच्या फोल्डरांची वाटणी ठरवणारा लेखी आराखडा १९९४ मध्ये निघाला. पुढे त्याला फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्ड हे नाव मिळाले. त्यातही हीच विभागणी आहे.

म्हणून बांधणाऱ्याने पूर्वपदाबरोबर सिसकॉन्फडिर वेगळे सांगावे, हा जुना उपाय. ‘मेसॉन’ हे नवे साधन पूर्वपद ‘/यूएसआर’ दिसताच स्वतःहून ‘/ईटीसी’ धरते. ‘सी-मेक’ मध्ये मात्र एक खड्डा आहे. तेथे या पत्त्याची दोन रूपे मिळतात, एक अपुरे आणि एक पूर्ण. पूर्वपद ‘/यूएसआर’ असेल तर पूर्ण रूप ‘/ईटीसी’ असे येते. पण अनेक वर्षे वापरात असलेल्या आवृत्त्यांत अपुरे रूप स्थापनेला दिले, तर फाईल ‘/यूएसआर/ईटीसी’ मध्ये पडते. आज्ञावलीत एक रूप कोरले आणि स्थापनेत दुसरे वापरले, की आपली पावसाची वही बिघडलीच म्हणून समजा.

ऑटोकॉन्फ या साधनातली चूक तर हसू आणणारी आहे. तेथे सिसकॉन्फडिरची किंमत ‘पूर्वपद अधिक ईटीसी’ अशी सूत्ररूपानेच साठवलेली असते. बेरीज नंतर मेक करतो. एखाद्याने ते सूत्र तसेच आज्ञावलीत कोरले, तर ती बिचारी पूर्वपदाची किंमत न घालता त्या अक्षरांच्याच नावाचा फोल्डर शोधत फिरते! पत्ता मेककडून सोडवून घेऊन मगच कंपायलरच्या हाती द्यावा, ही त्यावरची रीत.

वितरणासाठी आज्ञावलीचे गाठोडे बांधणाऱ्यांना आणखी एक सोय लागते. त्यांना फायली खऱ्या जागी न ठेवता एका तात्पुरत्या फोल्डरात गोळा करायच्या असतात. त्यासाठी ‘डेस्टडिर’ आहे. तो पत्त्याच्या आधी जोडला जातो, पण केवळ ठेवतानाच. शोधण्याचा पत्ता बदलत नाही. लग्नाच्या रुखवताची भांडी आधी मांडवात मांडतात, पण ती जायची असतात सासरच्या घरीच, तसे हे आहे. डेस्टडिर चुकून आज्ञावलीत कोरला गेला, तर तो तात्पुरता फोल्डर पुसल्यावर ती कायमची चुकते.

पत्ता जुळला तरी एक काळजी उरते. आज्ञावलीची नवी आवृत्ती आली आणि स्थापनेने तुमच्या ०.५ वर पुन्हा ०.२ ची फाईल ठेवली तर? डेबियनची व्यवस्था आधी दिलेल्या फाईलची खूण जपून ठेवते. तुम्ही फाईल बदलली आहे आणि नव्या आवृत्तीतही ती वेगळी आहे असे दिसले, तर ती कोणती ठेवू असे विचारते. विचारणे हाच येथे शहाणपणा आहे. कारण तो आकडा गच्चीवर जाऊन पाहणारे तुम्ही, गाठोडे बांधणारा नव्हे. आणि माझे मत विचाराल तर प्रत्येक आज्ञावलीने सुरू होताच कोणती फाईल वाचली, हे एका ओळीत छापावे. सापडली नसेल तर तसेही सांगावे.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर शिक्षकांच्या मदतीने हे करून पाहा. ‘स्ट्रिंग्ज’ ही आज्ञा एखाद्या तयार आज्ञावलीवर चालवली की तिच्या पोटातला वाचनीय मजकूर बाहेर येतो; त्यात ‘/ईटीसी’ असलेल्या ओळी शोधा. नंतर ‘एसट्रेस’ या साधनाखाली तीच आज्ञावली चालवा. ती कोणकोणती फाईल उघडू पाहते आणि कोठे रिकाम्या हाताने परतते, हे ओळीओळीने दिसेल. कागदावर करण्याजोगा प्रश्नही देतो: पूर्वपद ‘/यूएसआर’, सिसकॉन्फडिर ‘/ईटीसी’ आणि डेस्टडिर ‘/टीएमपी/गाठोडे’ असेल, तर स्थापनेनंतर लगेच फाईल कोठे असेल आणि आज्ञावली ती कोठे शोधेल?