विजेची वेळ बदलण्याचा खर्च कसा मांडावा?

वीज मोठ्या प्रमाणावर साठविणे खर्चाचे आहे; म्हणून ज्या क्षणी जितकी मागणी, तितकीच निर्मिती त्या क्षणी व्हावी लागते. सायंकाळी मागणी चढली की अधिक महाग वीज घेणे भाग पडते. अशा वेळी निर्मिती वाढविण्याऐवजी मागणीच पुढेमागे सारणे, हा दुसरा उपाय होय. कृषिपंप त्यास सोयीचे. कारण ओलीत दोन तास उशिरा झाले तरी बहुधा चालते. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा पूर्ण भारावरील ५ अश्वशक्तीचे १,००० पंप थांबल्यास किमान ३.७ मेगावॅट भार उतरतो.

परंतु हा उपाय फुकट समजून हिशेब मांडणे चुकीचे आहे. उदाहरणादाखल कल्पित आकडे घेऊ. सायंकाळची वीज युनिटास १० रुपये व मध्यरात्रीची ४ रुपये पडते असे धरा. एका पंपाचे २ तासांचे काम रात्रीवर नेल्यास सुमारे ७.५ युनिटांमागे ४५ रुपये वाचतात. त्यासाठी शेतकऱ्यास रात्रीच्या मजुरीचे ६० रुपये जादा पडले, तर वीजकंपनीच्या वहीत लाभ दिसूनही एकंदरीत १५ रुपयांचे नुकसानच होते. उलट, दुपारी सौरवीज ४ रुपयांस मिळून अडचण १० रुपयांचीच असेल, तर ३५ रुपये निव्वळ लाभ होय.

हा खर्च वर्षभर एकसारखाही नसतो. आंबिया बहारासाठी काटोल-नरखेडकडील संत्राबागांस ताण दिला असता पंप बंद ठेवण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. तेच फळधारणेच्या वेळी पाणी चुकल्यास फळगळ होते. तसेच पहिला तास स्वस्त, पुढचा प्रत्येक तास अधिकाधिक महाग. शिवाय पुढे ढकललेले ओलीत नाहीसे होत नाही. तो भार दुसऱ्या तासात मिळविलाच पाहिजे. न मिळविल्यास नवीनच टंचाई उद्भवते.

रात्रीच्या ओलितातील जागरण व सर्पदंशाचे भय हेही या खर्चातच येतात. दिवसा सौरवीज देण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राज्याने २०१७ साली सुरू केली, तिचे महत्त्व यावरून ध्यानी येईल. म्हणून प्रत्येक बागाइतदाराने पंपाचे तास, मजुरी व महिनावार पाण्याची निकड यांची नोंदवही ठेवावी. आपला खर्च आपण मांडला नाही, तर हिशेब करणारा तो शून्यच धरील.