अँटेना, मास्ट आणि अर्थिंग : एका चुकीचा धडा



यंदा रेडिओ क्लबच्या पहिल्याच तासाला एका नव्या कॅडेटने विचारले, "सर, अँटेना कधी बांधायची?" मी म्हणालो, "आधी अर्थिंग." त्याचा चेहरा पडला. जमिनीत ठोकलेल्या सळईत शिकण्यासारखे काय असते, असे त्याला वाटले असावे. सिग्नल्समध्ये नोकरी करूनही एकेकाळी मी हा विषय सोपाच समजत होतो. म्हणून ही हकिकत.

निवृत्तीनंतर मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी हॅम रेडिओचे स्टेशन लावले. मास्ट परसात उभा केला. रेडिओचे अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून वेगळे असावे, असे कुणाकडून तरी ऐकले होते. त्याप्रमाणे मास्टजवळ तांब्याची वेगळी सळई ठोकली. घराचे अर्थिंग पुढच्या अंगणात, मीटरजवळ. दोन्हींत सुमारे 15 मीटरचे अंतर.

मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव आला. नातू हेडफोन लावून रेडिओ ऐकत बसला होता. आजीने जेवायला हाक मारली म्हणून तो उठला. ताटावर बसतो न बसतो तोच बांधावरच्या आंब्यावर वीज पडली. ती अँटेनाला शिवलीसुद्धा नाही. तरीही रेडिओ आणि पॉवर सप्लाय जळाले, हेडफोनची वायर वितळली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझी पहिली चूक उघड होती. ढग गडगडत असताना मी रेडिओ बंद केला नाही, केबलही काढली नाही. दुसरी चूक जमिनीखाली होती.

जमीन नेहमी शून्य व्होल्टवर असते, असे आपण धरून चालतो. पण विजेच्या एका लोळात साधारण 30,000 अँपिअर प्रवाह असू शकतो. अर्थिंगचा रोध 10 ओहम धरा. दहावीचा ओहमचा नियम लावा : 30,000 गुणिले 10, म्हणजे 3 लाख व्होल्ट. त्या क्षणी जमीनच वर चढते, आणि सगळीकडे सारखी चढत नाही. वीज पडली तिथे जास्त, दूर गेले की कमी. माझ्या दोन सळयांमध्ये असा मोठा फरक पडला, आणि त्या दोघींना जोडणारी एकच वाट होती : माझा रेडिओ. एका बाजूने अँटेनाची केबल, दुसऱ्या बाजूने विजेच्या प्लगची अर्थ वायर. प्रवाह तिथूनच गेला.

तारेवर बसलेला पक्षी आठवा. त्याचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात, म्हणून त्याला काही होत नाही. आपल्या स्टेशनचेही तसेच हवे. व्होल्टेज चढले तर सगळ्याचे एकदम चढावे. यासाठी मास्टची सळई, रेडिओचे अर्थिंग आणि इमारतीचे अर्थिंग जाड तांब्याच्या किंवा जीआय पट्टीने, इमारतीच्या बाहेरून, एकमेकांना जोडलेच पाहिजे. इमारतीच्या अर्थिंगला हात लावण्याचे काम मात्र परवानाधारक वायरमनचे.

आता आपल्या क्लबच्या मैदानावर हे कसे करायचे ते क्रमाने पाहू.

1. जागा : मास्ट आडवा पडला तरी विजेच्या तारेला लागता कामा नये. विजेच्या तारेपासून अंतर मास्टच्या उंचीच्या निदान दीडपट ठेवा. 9 मीटरच्या मास्टसाठी 14 मीटर. अँटेनाची टोकेही तेवढीच दूर हवीत. अँटेनाची तार विजेच्या तारेच्या वरून किंवा खालून कधीही नेऊ नये.

2. अँटेना : 40 मीटर बँडसाठी साधा डायपोल पुरतो. 143 ला मेगाहर्ट्‌झने भागा. 7.1 मेगाहर्ट्‌झसाठी एकूण लांबी सुमारे 20.1 मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू 10 मीटरच्या किंचित वर. तार थोडी जास्तच कापा आणि एसडब्ल्यूआर पाहत दोन्ही बाजू सारख्या कमी करा. कापलेली तार वाढत नाही! मध्य मास्टच्या टोकावर आणि दोन्ही टोके 3 मीटर उंचीवर बांधली की उलटा 'व्ही' होतो. त्याला सुमारे 16 मीटर लांब जागा लागते. प्रक्षेपण करताना टोकांना मोठे व्होल्टेज असते, म्हणून ती हाताच्या आवाक्यात नकोत.

3. मास्ट : तंबूचे तणावे ज्याने नीट बांधले, त्याला मास्टचे तणावे शिकवावे लागत नाहीत. तीन दिशांना, 120 अंशांवर. 9 मीटरच्या मास्टसाठी खुंट्या 6 ते 7 मीटरवर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे खुंटी ठोकताना लक्षात ठेवा. तणाव्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, नाहीतर संध्याकाळी धावणारा कोणी अडकून पडेल. मास्ट उभा करताना हुकूम एकाच्याच तोंडून. खाली कोणी थांबायचे नाही. टॉवरवर फक्त प्रशिक्षित माणूस, तोही पूर्ण हार्नेस घालून चढेल. कॅडेटने चढायचे नाही.

4. अर्थिंग : डायपोलला प्रक्षेपणासाठी अर्थिंग लागत नाही. ते आहे जीव आणि यंत्र वाचवण्यासाठी, म्हणून 'रेडिओ तर चालतोय' यावर समाधान मानू नका. मास्टपासून सळईपर्यंतची पट्टी आखूड आणि सरळ ठेवा. काटकोनात वाकवू नका, उरलेल्या तारेचे वेटोळे करू नका. विजेचा प्रवाह इतक्या झपाट्याने वाढतो की सरळ तारेच्या एका मीटरवरही हजारो व्होल्ट उभे राहतात. केबल खोलीत शिरण्यापूर्वी भिंतीबाहेर तांब्याची एक प्लेट लावा. लाइटनिंग अरेस्टर तिच्यावर बसवा, आणि ही प्लेटही त्याच सामाईक अर्थिंगला जोडा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, कारण कोरड्या मातीचा रोध वाढतो.

5. वादळ : वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. 30 किंवा त्याहून कमी भरले, तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. काम थांबवून पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर यायचे नाही. केबल आणि प्लग वादळ येण्याआधी काढायचे, डोक्यावर आल्यावर त्यांना हात लावायचा नाही. काढलेले केबलचे टोक खोलीत लोंबकळत न ठेवता बाहेर प्लेटपाशीच ठेवा.

आणि परवान्याशिवाय प्रक्षेपणाचे बटण दाबायचे नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

कोअर ऑफ सिग्नल्सचे ब्रीद आहे 'तीव्र चौकस'. मी संदेश पाठवण्यात तीव्र होतो, पण माझ्याच परसात चौकस राहिलो नाही. घरी आता दोन्ही सळया एका पट्टीने जोडल्या आहेत आणि ढग दिसले की केबल काढायचे काम नातवाकडे आहे. तो ते माझ्यापेक्षा नेमाने करतो.

सुट्टीत घरी जाल तेव्हा मीटरजवळ अर्थिंगची तार शोधा. ती गंजली किंवा तुटली असेल, तर हात न लावता आई-वडिलांना दाखवा आणि वायरमनला बोलवायला सांगा. परत आलात की काय दिसले ते मला येऊन सांगा. अँटेना आपण त्यानंतर बांधू.